शेडभर मालक

जालन्यात सगळ्यात जास्त मालक कुठं आहेत, असं मला कुणी विचारलं तर मी नवीन जालन्याकडं बोट दाखवणार नाही. तिथं पेढ्या आहेत, बँका आहेत, बियाण्यांच्या कंपन्यांची काचेची ऑफिसं आहेत, सगळं मान्य. पण तिथं एका इमारतीत मालक सापडणार एखादाच, आणि तोही बहुतेक वेळा पुण्याला गेलेला. आमच्या एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडात मात्र पाय ठेवायला जागा नाही इतके मालक. ग्राइंडर मारणारा मालक, पत्रा कापणारा मालक, रंगाचा डबा ढवळणारा मालक. दुपारी नळावर हात धुवायला रांग लागायची ती सगळी मालकांचीच. मजूर म्हणाल तर औषधालाही नव्हता.

मीही त्यातलाच एक. मूळचा आष्टीचा. वेल्डिंग शिकलो, जालन्यात खोली घेतली. बायको माहेरची शिलाई मशीन घेऊन आली, मी दोन हात घेऊन आलो. शेडात बियाणं साफ करायच्या यंत्रांचे लोखंडी सांगाडे बनायचे. पहिल्या दिवशी मॅनेजर साहेबांनी मला एक जोड मारायला लावला, त्यावर हातोडी ठोकून पाहिली आणि म्हणाले, "काम बराबर हाय. जा आता, शिक्का बनवून आन."

"कशाचा शिक्का, साहेब?"

"तुझ्या फर्मचा."

"माझी फर्म हाय?"

"आजपासून हाय."

लोकांच्या तीन-तीन पिढ्या झिजतात एक दुकान उभं करण्यात. माझं दुकान चहा गार व्हायच्या आत उभं राहिलं. स्टेशनाजवळच्या शिक्केवाल्याला मी सांगितलं, वर पोरीचं नाव टाक, पुढं 'इंजिनिअरिंग वर्क्स', आणि खाली 'प्रोप्रायटर'. तो मान वर न करता म्हणाला, "एमआयडीसीतून आलात न? तुमच्या शेडानंच माझं घर बांधून दिलं बघा."

मग करार झाला. करार इंग्रजीत, सही मराठीत. त्यात काय लिहिलंय म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, "तू मालक हायेस, असं लिव्हलंय. वाईट हाय का?" मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, आष्टीच्या बाजारात दोन आठवडे मी छाती काढून फिरलो.

आता ही मालकी कशी होती ते ऐका. सकाळी गेटवर मशीनला अंगठा लावायचा. थोडा उशीर झाला की मालकाचा अर्धा दिवस कट. अंगात निळा शर्ट, त्याच्या पाठीवर कंपनीचं नाव एवढं मोठं की विमानातून वाचता यावं. सुट्टी पाहिजे तर मालकानं अर्ज करायचा, आणि साहेबांनी तो फेटाळायचा. महिन्याच्या शेवटी आम्ही कंपनीला 'बिल' द्यायचो. म्हणजे बिल ऑफिसातच छापून पडलेलं असायचं, आकडा टाकलेला असायचा, आम्ही रांगेत उभं राहून त्यावर आपापला शिक्का मारायचा. जगात असा मालक दुसरा दाखवा, ज्याला स्वतःच्या बिलाचा आकडा बिल दिल्यावर कळतो. दिवाळीला बोनसचं नाव काढलं की साहेब म्हणायचे, "अरे, मालकाला कोन बोनस देतं? तुझा तूच घे की!" पीएफ नाही, कामगार विम्याचं कार्ड नाही, भरपगारी सुट्टी नाही. मालकाला कशाला लागतं हे सगळं?

शेडाचा पत्रा तापला की खाली इतकी धग व्हायची की सकाळची गार भाकर डब्यातच पुन्हा टम्म फुगायची. आणि साहेबांचा आवाज असा की ते आमच्यावर ओरडले की तिकडं शहागडला गोदावरी दोन हात बाजूला सरकायची. बायको मात्र माझ्या मालकीची वेगळीच किंमत करायची. संध्याकाळी दारात बूट काढत असलो की आतून आवाज यायचा, "आले का मालक? मालकांनी साखर आनली का, का आजबी बिनसाखरेचाच चहा पिनार मालक?"

शेडात सगळ्यांच्या वरचा मालक म्हणजे चाचा. वयानं आम्हा सगळ्यांहून मोठे. जुन्या जालन्यात घर, घरात उर्दू, शेडात आमच्यासारखीच मराठी, आणि राग आला की दोन्हींची भेळ. त्यांच्या हाताच्या वेल्डिंगविषयी जे सांगेन ते कमीच. त्यांनी जोडलेली एक ट्रॉली शहागडजवळ हायवेवर ट्रकखाली आली. ट्रकचे दोन तुकडे झाले, ट्रॉलीचा जोड तसाच. ट्रकवाला म्हणे नुकसानभरपाई मागायला चाचांच्या घरी आल्ता. हे मला स्वतः चाचांनीच सांगितलंय, तेव्हा खोटं असायचा प्रश्नच नाही.

ते मला म्हणायचे, "बेटा, मी खरंच मालक असतो तर पयला मलाच कामावरून काढलं असतं. इतका बोलनारा मानूस कोन ठेवतं?"

जड सांगाडा उचलायला आमच्याकडं चेनकप्पी होती, म्हणजे छताच्या गर्डरला टांगलेली साखळी आणि खाली हुक. त्या हुकाचं तोंड झिजून उघडं पडलं होतं. चाचांनी साहेबांना दाखवलं, मी दाखवलं, रंगवाल्यानंसुद्धा दाखवलं, ज्याचा हुकाशी काही संबंध नव्हता. साहेब दर वेळी म्हणाले, "मागवलाय. तवर चालवून घ्या."

आम्ही चालवून घेत राहिलो. एका दुपारी सांगाडा वर होता, चाचा खालून कोपरा जोडत होते, आणि हुक सुटला. इथं मला काही वाढवून सांगायचं नाही. त्यांचा उजवा हात खाली सापडला. सांगाडा आम्ही सगळ्या मालकांनी मिळून उचलला.  चाचांनी हाताकडं बघितलं आणि डाव्या हातानं डोळ्यांवरची काच काढून नीट बाजूला ठेवली.

कंपनीची जीप दारात उभी होती. साहेब म्हणाले, जीपचा ड्रायव्हर जेवायला गेलाय. आम्ही ऑटो बोलावला. चाचांना आत बसवत होतो तेव्हा साहेब धावत आले. मला वाटलं पैसे देतात की काय. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "दवाखान्यात सोताच्या कामावर लागलं म्हना. कंपनीचं नाव घेऊ नका, मालक हायेत ते."

माझे हात तेव्हा चाचांच्या रक्तानं भरले होते, म्हणून मी साहेबांची कॉलर धरली नाही. नाहीतर कंपनीच्या शर्टवर डाग पडले म्हणून तेही माझ्या बिलातून कापलं असतं.

पुढं संभाजीनगरला हलवावं लागलं. दोन बोटं गेली. राहिलेल्या तीन बोटांचं डॉक्टरांनी चाचीला आणि मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं: आतल्या नसा तुटल्यात, अजून एक ऑपरेशन लागेल, लवकर केलं तर मूठ मिटेल, उशीर केला तर बोटं आखडून जातील आणि मग काही करता येणार नाही. चाचीनं विचारलं, "मिटली तर होल्डर धरता येईल का?" होल्डर म्हणजे वेल्डिंगचा रॉड ज्यात धरतात तो चिमटा. डॉक्टर म्हणाले, "मिटली तर येईल."

सगळं त्या मुठीवर आलं होतं. चाचांना कंपनीचा कामगार म्हटलं तर ऑपरेशनचा खर्च, बसल्या दिवसांचा पगार आणि भरपाई कंपनीनं द्यायची. मालक म्हटलं तर त्यांनी स्वतःच्या धंद्यात स्वतःचा हात स्वतः मोडून घेतला, आणि फार तर स्वतःवरच खटला भरावा.

चौथ्या-पाचव्या दिवशी शेठ, म्हणजे कंपनीचे खरेखुरे मालक, दवाखान्यात आले. सफरचंदांची पिशवी आणि एक जाड पाकीट. पिशवी चाचांच्या पायाशी ठेवली, पाकीट हातातच ठेवलं. म्हणाले, "चाचा, तुम्ही आमच्या घरच्यासारखे. माणुसकीच्या नात्यानं ही छोटीशी मदत. फक्त इथं तुमचा तो शिक्का मारा, की तुम्ही ठेकेदार होता आणि आमच्यावर काही दावा नाही."

चाचांनी पायानं सफरचंदांची पिशवी जरा बाजूला सारली. मग म्हणाले, "सेठ, शिक्का उजव्या हातानं मारत व्हतो."

"डाव्यानं चालेल की."

"तुम्हाला चालेल. मला बिलकुल न्हाई चालनार."

शेठ पाकीट घेऊन गेले. सफरचंदं राहिली. चाचीनं ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकली आणि पिशवी खिडकीतून फेकली. त्या खिडकीखाली शेठची गाडी होती असं माझं म्हणणं आहे. चाची म्हणते, गाडी दुसऱ्या बाजूला होती. तुम्हाला पटेल ते घ्या.

मग मी चाचीला घेऊन जालन्यातल्या कामगार अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी अर्ज घेतला, कंपनीला नोटीस काढली. पहिल्या तारखेला कंपनीचा वकील आला, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. म्हणाला, "मॅडम, हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. स्वतःच्या वेळेनं येतात, स्वतःच्या मर्जीनं काम करतात, आणि मुख्य म्हणजे स्वतःची मशीनं स्वतः आणतात. करारात सगळं नमूद आहे. शेडात जी वेल्डिंग मशीनं आहेत ती ज्या त्या ठेकेदाराच्या मालकीची."

मला वाटलं माझ्या डोक्याच्या टाळूतून ठिणग्या निघताहेत. मी उभा राहिलो आणि काय काय बोललो ते मला आठवत नाही, पण म्हणतात की खालच्या रस्त्यावरचा चहावाला स्टोव्ह बंद करून ऐकायला वर आल्ता. मॅडमनी मला पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमचा राग मला कळतो. पण करारावर तुमची सही आहे. तुम्हाला काम कोण देतं, हजेरी कोण घेतं, मशीन कुणाचं, हे दिसलं पाहिजे. मशीनं कंपनीची आहेत असं दाखवणारं काही आहे का तुमच्याकडं?"

काय असणार आमच्याकडं? मशीन कंपनीनं घेतलं, कंपनीच्या कपाटात त्याची पावती. मॅडमनी पुढची तारीख दसऱ्यानंतरची दिली. तोवर चाचांची बोटं रोज थोडी थोडी आखडत होती. मी संध्याकाळी त्यांच्या घरी भेटायला जायचो तेव्हा ते हात उशीखाली सरकवायचे आणि मला मुद्दाम इकडचं तिकडचं विचारायचे, "शेडात गर्मी कशी हाय? भाकर फुगून राह्यली का न्हाई?"

खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. त्या दिवशी ज्याचं ज्या अवजारावर पोट, त्यानं ते धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं, आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. आमच्या शेडात ही पूजा दरवर्षी शेठ करायचे. आम्ही मशीनं पुसून एका रांगेत मांडायची, शेठ आणि शेठाणी गाडीतून उतरायचे, नारळ फुटायचा, फोटो निघायचे, आम्हाला एकेक पेढा. चाचाही दरवर्षी आपला होल्डर रांगेत ठेवायचे, वर एक फूल स्वतः खोचायचे. म्हणायचे, "फूल कुनाचं का असंना, रोटी तर यानंच दिली."

मी घरी चिडून बसलो होतो. बायको शिलाई मशीनचं तेलपाणी करत होती. ती म्हणाली, "तुमच्याकडं पूजा कधी?"

"नवमीला सकाळी. शेठ येतील, करतील."

"शेठ का करतील?"

"दरवर्षी तेच करतात."

"माझी मशीन माझी, म्हनून मी माझ्या घरात पुजते. शेजारच्या बाईनं येऊन माझ्या मशीनला कुंकू लावलं तर मी तिला उभी करीन का?" चिंधीनं चाक पुसता पुसता ती बोलत होती. "तुमची मशीन तुमची, असं वकील म्हनला न? मंग आना की घरी. का तुमची मशीन शेठच्या घरात दिलीय?"

मी ताडकन उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "काय झालं? साखर विसरलात का आजबी?"

नवमीच्या आदल्या दिवशी सुट्टीची वेळ झाली तसे आम्ही सगळे मालक उठलो. मशीनं पुसली. आजकालची वेल्डिंग मशीनं मोठ्या डब्याएवढी, खांद्याला पट्टा लावून उचलता येतात. प्रत्येकानं आपापलं मशीन उचललं. मी एका खांद्यावर माझं घेतलं, दुसऱ्यावर चाचांचं. वायरी गळ्यात, होल्डर कमरेला, आणि अशी वरात गेटकडं निघाली. ग्राइंडरवाला तोंडानं बँड वाजवत होता.

वॉचमन मामांनी बघितलं आणि त्यांच्या हातातली तंबाखू खाली सांडली. "कुठं निघालात रे?"

"घरी, मामा. खंडेनवमी हाय न. आपली हत्यारं आपल्या घरी पुजायची."

"आपली?"

"करारात लिव्हलंय मामा. इंग्रजीत."

मामांनी शिटी फुंकली. अशी फुंकली की स्टेशनात उभी गाडी सिग्नल मिळाला समजून हलली असेल. साहेब ऑफिसातून धावत आले, एका पायात चप्पल, एका पायात बूट. "ये! ठेव खाली! ठेव म्हनलं न! कंपनीचा माल हाय तो!"

मी अगदी गरीब चेहरा केला. तसा चेहरा मला आईच्या मारापासून येतो. "साहेब, पर मशीनं तर आमची हायेत न? वकीलसाहेब मॅडमसमोर बोलले."

"वकील गेला खड्ड्यात! ह्या मशीनी कंपनीनं घेतल्यात! एकेकीची पावती हाय माझ्याकडं!"

"खरं का?"

"दाखवू?"

"दाखवा की. आमाला कुठं म्हाईत."

त्या क्षणी त्यांनी वकिलाला एक फोन केला असता तर ही गोष्ट मी आज सांगत नसतो. पण सणाच्या आदल्या संध्याकाळी वकील कुठला सापडायला, आणि साहेबांना राग आला की त्यांचा हात फोनकडं जायचा तो फक्त पोलिसांना लावायला. त्यांनी लावला. जमादार आले, मोटारसायकल उभी केली आणि शांतपणे विचारलं, "काय भानगड हाय?"

"चोरी!" साहेब म्हणाले. "कंपनीच्या मशीनी घेऊन चालले होते, समद्या!"

जमादारांनी आमच्याकडं बघितलं. "तुम्ही कोन?"

"मालक," मी म्हणालो.

"कशाचे?"

"आपापल्या फर्मचे. शिक्का दाखवू का?" आणि आम्ही सगळ्यांनी खिशातून एकदमच शिक्के काढले. जमादारांचा हात दचकून काठीकडं गेला.

"मंग हे साहेब कोन?"

"हे आमच्या मालकीच्या मशीनींना आपल्या म्हनतात."

जमादारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "इथं समदेच मालक हायेत, तर मंग चोर कोन हाय?"

साहेबांचा तोल तिथंच गेला. ते ऑफिसात पळाले आणि पावत्यांचा अख्खा गठ्ठा घेऊन आले. मशीनच्या पाठीवर रंगानं नंबर टाकलेला असायचा, तो नंबर आणि पावती, एकेक जोडून दाखवायला लागले. घामानं निथळत होते बिचारे. मी मदतीला होतोच: "साहेब, ही राह्यली. आन् चाचांची पन दाखवा, न्हाईतर तेवढीच आमची ठरायची." त्यांनी चाचांचीही दाखवली. रॉड कुठून येतात, काच कुठून येते, हेही सांगितलं. चेनकप्पीची पावतीसुद्धा काढली, जिला आम्ही हातही लावला नव्हता. जमादार म्हणाले, "लेखी द्या." साहेबांनी तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लेखी दिलं, खाली कंपनीचा शिक्का मारून: शेडातली सर्व मशीनं व अवजारं कंपनीच्या मालकीची असून सदर कामगारांनी ती नेण्याचा प्रयत्न केला.

कामगारांनी. हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं, कुणी न सांगता लिहिला. रागात माणूस कधीकधी खरं बोलून जातो.

"कंपनीची हायेत म्हनता तर कंपनीची," आम्ही म्हणालो आणि मशीनं जागेवर नेऊन ठेवली, अगदी हळुवार. जमादार म्हणाले, गेटच्या आतच होती, आतच राहिली, यात चोरी कसली, समज देतो. त्यांनी समज दिली. मला वाटतं जास्त साहेबांनाच दिली. त्या अर्जाची नक्कल आम्ही रीतसर मागून घेतली.

दसऱ्यानंतरच्या तारखेला वकील आला तो पुन्हा गुळगुळीतच. मॅडमनी नक्कल त्याच्यापुढं सरकवली. त्यानं वाचली, परत वाचली, आणि साहेबांकडं असं बघितलं की साहेब खुर्चीतल्या खुर्चीत एक वीतभर आटले. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मला सांगता मशीनं त्यांची. पोलिसांना सांगता त्यांनी चोरली. दोन्हीतलं एक ठरवून या. आणि येताना गेटवरची हजेरी घेऊन या." एवढंच. मला वाटलं होतं त्या टेबलावर हात आपटतील. नाही आपटला.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज शांतपणे जेवलो असतो. पण कंपनीनं तारखा मागितल्या. वकील आजारी पडला, मग वकिलाची आई आजारी पडली, मग हजेरीचं मशीन बिघडलं. प्रकरण कोर्टात गेलं, तिथंही तारखा. प्रत्येक तारखेला चाचा आपला हात टॉवेलात गुंडाळून बाकावर बसायचे. शेवटी एकदाचा निकाल आला: हा माणूस कंपनीचा कामगार आहे, काम करताना जखमी झालाय, खर्च आणि भरपाई कंपनीनं द्यावी. कंपनीनं दिली. दुसरं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी चाचांना मूठ मिटायला सांगितली. अर्धी मिटली.

"अजून?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "आधी आला असता तर."

ती उरलेली अर्धी मूठ कुणी खाल्ली ते मला माहीत आहे. मशीनं कुणाची हे ज्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, ज्यांच्या कपाटात पावत्या होत्या, त्यांनी तारखेमागून तारीख मागून ती खाल्ली. पाकीट, सफरचंदं आणि माणुसकी घेऊन आलेल्या माणसांनी खाल्ली. मी कितीही फेकत असलो, ट्रकचे दोन तुकडे करत असलो, तरी ही एवढी एक गोष्ट मला फुगवता येत नाही. ती आहे तेवढीच पुरेशी मोठी आहे.

आम्ही बाकीच्यांनीही मग अर्ज केले, पीएफचे, विम्याच्या कार्डाचे. ते अजून चालू आहेत. आणि महिन्याच्या शेवटी ऑफिसात छापलेल्या बिलावर आम्ही अजून शिक्के मारतो. कोर्टानं चाचांना कामगार म्हटलंय, तुम्हाला थोडंच म्हटलंय, असं साहेब सांगतात. त्यांच्या लेखी त्या शेडात आजवर एकच कामगार होऊन गेला, तोही हात मोडल्यावर.

यंदा खंडेनवमीच्या आठ दिवस आधीच साहेब सावध. गेटच्या आत, दर्शनी भिंतीवर, दारातून घुसलं की डोळ्यात भरेल असा एक पत्र्याचा फलक लागला. पांढऱ्यावर लाल अक्षरं: 'या शेडमधील सर्व यंत्रे, अवजारे व साधने कंपनीच्या मालकीची आहेत. बाहेर नेण्यास सक्त मनाई.' बहुतेक वकिलाला न विचारताच. आम्ही फलक वाचला, एकमेकांकडं बघितलं, आणि आपापल्या अर्जाला जोडायला त्याचा फोटो काढायचा कुणी राहिला नाही.

नवमीला सकाळी मी चाचांना बोलावून आणलं. मामांनी गेट उघडलं. शेठ अजून यायचे होते, साहेब त्यांच्या स्वागताला बाहेर रस्त्यावर उभे. मशीनं रांगेत मांडलेली होती. आम्ही तिकडं बघितलंसुद्धा नाही. शिडी लावली, फलकाला झेंडूचा हार घातला, हळद लावली, कुंकू लावलं. बायकोनं डब्यात नारळ दिला होता, तो मी चाचांपुढं केला.

"मी?" चाचा म्हणाले.

"कोर्टानं मान्य केलेला कामगार तुम्हीच हायेत. आमी समदे मालक."

चाचांनी नारळ डाव्या हातात घेतला, उजव्या हाताच्या अर्ध्या मुठीचा खालून टेकू दिला आणि फलकाखालच्या पायरीवर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि शेठना घेऊन साहेब आत आले. त्यांनी हार बघितला, फलक बघितला, आम्हाला बघितलं.

"हे काय चाललंय?"

"पूजा, साहेब," मी म्हणालो. "आमच्या सगळ्यांचं पोट आता याच्यावरच हाय."

"खाली उतरव तो हार!"

"थांबा जरा," चाचा म्हणाले, आणि तिसऱ्यांदा जो आपटला, तो नारळ फुटून पाणी पार शेठच्या बुटांपर्यंत गेलं.